तंगीतील कर्जदाराला मुदत



गरजू माणसावर दया करण्याचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर हात पसरलेला मनुष्य उभा राहतो. जुम्याला मशिदीच्या दारात बसलेला फकीर, रमजानमध्ये घरी येणारी विधवा, मदरशाचे पावतीपुस्तक घेऊन गावोगाव फिरणारा सफीर. यांना काही देणे आपल्याला फारसे जड जात नाही. मात्र एक गरजू असा असतो की तो हात पसरत नाही. उलट आपण दिसलो की रस्ता बदलतो. तो आपला कर्जदार होय, ज्याची मुदत उलटून गेली आहे आणि ज्याच्या घरात आज परत करण्यासारखे काहीही नाही. त्याच्याशी नरमाईने वागणे ही या दीनमधील फार मोठ्या पुण्याची गोष्ट आहे, आणि आपण तिच्याकडे बहुधा केवळ व्यवहार म्हणून पाहतो.

दिव्य कुरआनमध्ये हा आदेश कोणत्या ठिकाणी आला आहे, ते आधी पाहा. सूरह बकराच्या २७८ आणि २७९ या आयतींमध्ये व्याजाची उरलेली येणी सोडून देण्याची सक्त आज्ञा आहे. मूळ रक्कम मात्र तुमची आहे, असे तिथेच स्पष्ट केले आहे. वाचणाऱ्याला वाटावे की न्याय इथे पूर्ण झाला. पण लगेच २८० वी आयत त्या मूळ रकमेकडेही वळते. कर्जदार तंगीत असेल तर त्याचे हात मोकळे होईपर्यंत त्याला मुदत द्यावी, असा आदेश ती देते आणि ती रक्कम सदका म्हणून सोडून दिली तर ते तुमच्याच हिताचे आहे, असे सांगते. म्हणजे मुदत देणे हा कर्जदाराचा हक्क ठरला आणि माफ करणे हे धनकोचे औदार्य. दोहोंमधील हा फरक आपण लक्षात घेत नाही. मुदत देऊन आपण फार मोठा उपकार केला असे मानतो, वस्तुतः ते आपले कर्तव्य असते.

पुढे २८२ वी आयत आहे, कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत. ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी, साक्षीदारांविषयी आहे. इस्लामने हिशेबाचा ढिसाळपणा शिकवलेला नाही, हे यावरून उघड होते. या दोन आयतींच्या मधोमध २८१ वी येते, जी केवळ त्या दिवसाची आठवण देते, ज्या दिवशी सर्वांना अल्लाहकडे परतायचे आहे आणि प्रत्येकाला त्याच्या कमाईचा पुरेपूर मोबदला मिळायचा आहे. एका बाजूला मुदत, दुसऱ्या बाजूला वही, आणि मध्ये आखिरतचा हिशेब. मला ही मांडणी नेहमी विचारात पाडते.

सहीह मुस्लिममध्ये हजरत अबुल यसर (रजि.) यांचा प्रसंग आहे. बद्रच्या युद्धात सहभागी झालेले हे अन्सारी सहाबी. उबादा बिन वलीद आपल्या वडिलांसोबत अन्सारांकडून दीनचे ज्ञान मिळवण्यासाठी निघाले, तेव्हा सर्वप्रथम त्यांची यांच्याशी भेट झाली. त्यांच्या चेहऱ्यावर रागाची छटा दिसत होती. कारण विचारले असता त्यांनी सांगितले की बनू हराममधील अमुक एका माणसाकडे त्यांचे येणे होते. ते त्याच्या घरी गेले, सलाम केला, तो आहे का म्हणून विचारले. घरातून नाही असे उत्तर आले. तेवढ्यात त्याचा लहान मुलगा बाहेर आला. वडील कुठे आहेत, असे विचारताच त्या निरागस लेकराने खरे ते सांगून टाकले, की तुमचा आवाज ऐकून ते आईच्या पलंगाच्या पडद्याआड लपले आहेत.

अबुल यसर (रजि.) यांनी हाक मारून त्याला बाहेर बोलावले आणि लपण्याचे कारण विचारले. त्याने खोटे बोललो नाही. त्याला भीती वाटली होती की समोर आलो तर खोटे सांगावे लागेल, वायदा करावा लागेल आणि तो मोडावा लागेल. आणि तुम्ही तर अल्लाहच्या प्रेषितांचे सहाबी. मी खरोखरच तंगीत आहे, असे तो म्हणाला. अबुल यसर (रजि.) यांनी त्याला तीनदा अल्लाहची शपथ घ्यायला लावली. मग कर्जाचा कागद मागवला, स्वतःच्या हाताने त्यावरील मजकूर पुसला आणि सांगितले की जमले तर फेड, नाहीतर तू मोकळा आहेस. मग आपले डोळे, कान आणि हृदय यांची साक्ष देऊन त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांचे फर्मान ऐकवले, की जो तंगीतील माणसाला मुदत देईल किंवा त्याचे कर्ज माफ करील, त्याला अल्लाह आपल्या छायेत स्थान देईल.

वाचकहो, या प्रसंगातील राग मला महत्त्वाचा वाटतो. अबुल यसर (रजि.) यांनाही राग आला होता. स्वतःचे पैसे अडकले, दारातून खोटे उत्तर मिळाले. राग येणे स्वाभाविकच. पण त्यांनी चौकशी केली, खात्री करून घेतली आणि राग असतानाच माफ केले. मन शांत होण्याची, कर्जदाराने गयावया करण्याची त्यांनी वाट पाहिली नाही.

त्या कर्जदाराची भीतीही खोटी नव्हती. प्रेषित (स.) नमाजमध्ये कर्जापासून अल्लाहचा आश्रय मागत असत. आपण याची इतकी दुआ का मागता, असे विचारले गेले तेव्हा त्यांनी कारण सांगितले, की कर्जात बुडालेला मनुष्य बोलतो तेव्हा खोटे बोलतो आणि वचन देतो तेव्हा ते मोडतो. कर्ज केवळ घर पोखरत नाही, ते माणसाचा ईमानही कुरतडते. म्हणून मुदत देणारा रुपयांपेक्षा मोठी गोष्ट वाचवत असतो.

हे सर्व मी मदरशात शिकलो होतो. तरी एक चूक माझ्या हातून घडली, ती सांगतो. मी ज्या मशिदीत इमामत करतो, तिथे फजरला नियमाने येणारा एक शेतकरी अचानक येईनासा झाला. मग जुम्यालाही दिसेना. मी एका जुम्याच्या बयानात नमाज सोडणाऱ्यांवर कडक शब्दांत बोललो. नाव घेतले नाही, पण ऐकणाऱ्यांना रोख कळला. पुढे समजले की त्याने बियाणे आणि खत उधारीवर घेतले होते, काढणीच्या वेळी पावसाने सोयाबीन काळे पडले, आणि ज्याचे अठरा हजार त्याच्याकडे थकले होते तो दुकानदार पहिल्या सफमध्ये बसत असे. तो नमाजपासून पळत नव्हता, त्या सफपासून पळत होता. घरी तो पाचही वेळा नमाज पढत होता.

मी दुकानदाराला भेटलो. तो म्हणाला, "मौलाना, पैशाचं सोडा. पण बाजारात मला बघून तो सलामसुद्धा न करता वळतो. मी काय त्याचा दुश्मन आहे?" धनकोचेही मन दुखावते, हे आपण विसरू नये. ज्याची ऐपत आहे त्याने कर्ज फेडण्यात टाळाटाळ करणे हा जुलूम आहे, हेही प्रेषितांचेच फर्मान आहे. ज्याची ऐपत नाही, त्याने लपण्याऐवजी स्वतः जाऊन परिस्थिती सांगावी. पण खरे सांगू, पहिले पाऊल धनकोने टाकणे सोपे असते. लाज त्याच्या बाजूला नसते.

मस्जिदे नबवीत एकदा हजरत कअब बिन मालिक (रजि.) आपल्या कर्जदाराशी तगादा करत होते आणि दोघांचे आवाज चढले. प्रेषितांनी (स.) आपल्या खोलीचा पडदा बाजूला सारून कअब (रजि.) यांना हाक मारली आणि अर्धे सोडून द्या, असे हाताने सुचवले. त्यांनी तत्काळ मान्य केले. मग प्रेषितांनी कर्जदाराला सांगितले, ऊठ आणि उरलेले फेड. इमामाचे, मोहल्ल्यातील वडीलधाऱ्यांचे काम ते हेच. मी मात्र मिंबरवरून बोलून मोकळा झालो होतो.

मुदत देताना दोन गोष्टींची काळजी घ्यावी. वाढीव मुदतीबद्दल शंभर-दोनशे रुपयेही वर घेतले, तर ते व्याजच झाले. आणि चारचौघांत त्याचा उल्लेख करू नये, मुलीच्या लग्नात त्याच्याकडून फुकट राबवून घेऊ नये. उपकार बोलून दाखवल्याने आणि दुखावल्याने सदका वाया जातो, अशी ताकीद याच सूरहच्या २६४ व्या आयतीत आहे.

रमजान जवळ आला की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो: बुडालेली उधारी जकातमध्ये वळती करता येईल का? घाटावरील हनफी असोत की कोकणातील शाफई, दोन्ही मसलकांचे प्रमाण मत असे आहे की केवळ येणे माफ केल्याने जकात अदा होत नाही. कर्जदार पात्र असेल तर जकातची रक्कम प्रत्यक्ष त्याच्या हाती द्यावी, परतीची अट घालू नये. तो आपल्या मर्जीने त्यातून कर्ज फेडील तर हरकत नाही. सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत जकातच्या हक्कदारांमध्ये कर्जदारांचा उल्लेख आहेच. माफी हा वेगळा सदका आहे आणि त्याचा मोबदलाही वेगळा. एका धनाढ्य व्यापाऱ्याची हकीगत हदीसमध्ये येते. त्याच्या कर्मांत दुसरी कोणतीही भलाई आढळली नाही, फक्त एवढेच, की तंगीतील माणसाला सोडून द्या असे तो आपल्या नोकरांना सांगत असे. अल्लाहने फर्मावले की सोडून देण्यास आम्ही याच्यापेक्षा अधिक पात्र आहोत, आणि त्याला माफ केले.

दुकानदाराने सगळे माफ केले नाही. त्याची स्वतःचीही देणी होती. तो इशानंतर माझ्यासोबत त्या शेतकऱ्याच्या घरी आला, चहा घेतला, पुढच्या हंगामापर्यंत पैशाचे नाव काढणार नाही असे म्हणाला आणि सहा हजार वहीतून कमी केले. मी त्या घरात माझ्या बयानाबद्दल क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी फजरला तो आला, शेवटच्या सफमध्ये उभा राहिला. पुढे यायला त्याला आणखी दोन आठवडे लागले.