नाभीतील अमृत आणि शस्त्राची ऊर्जा

महाकाय यंत्रमानवांच्या कथांत शस्त्रांना ऊर्जा कोठून मिळते, हा प्रश्न समीक्षा भाबड्या कुतूहलात जमा करून मोकळी होते. वस्तुतः कथेचा नैतिक हिशेब बहुधा याच तपशिलात मांडलेला असतो.

मोरगावच्या मयूरेश्वराशी निगडित सिंधुदैत्याची कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. गणेशपुराणाच्या क्रीडाखंडातील या कथेच्या प्रचलित रूपात चक्रपाणी राजाचा हा पुत्र सूर्योपासनेने अमृत मिळवतो. ते नाभीत आहे तोवर त्याला मरण नाही. मयूरारूढ गणेशाचा विजय होतो तो अमृताचा साठा रिता केल्याने, अधिक प्रखर अस्त्राने नव्हे. सामर्थ्याचा स्रोत आणि मर्मस्थान येथे एकच आहेत. ‘मोबाइल सूट गंडम’ (1979) या जपानी मालिकेतील यंत्राच्या धडात संलयन-अणुभट्टी असते आणि हातातील किरणरायफलीत मोजकाच साठा. ही रचना सिंधूच्या नाभीपासून फार दूर नाही. (प्रभावाचा दावा अर्थातच अभिप्रेत नाही.)

परंतु साम्य दाखवून थांबणे पुरेसे नाही. सिंधूने अमृताचे मोल स्वतःच्या देहाने चुकते केले आहे. त्याने काही चोरलेले नाही. तरीही तो देवांना बंदिवासात टाकतो. तप हे कशासाठी, असे वर देणारा विचारत नाही. म्हणजे किंमत प्रामाणिकपणे मोजल्याने शस्त्राचा वापर न्याय्य ठरतो, हे गृहीतक पुराणानेच मोडीत काढले आहे.

याच्या नेमकी उलट स्थिती ‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’मध्ये (1995) आढळते. तेथील यंत्रदेह तारेने वीजजाळ्याला जोडलेला असतो. तार तुटली की अंतर्गत साठा सुमारे पाच मिनिटे पुरतो. सहाव्या भागात पॉझिट्रॉन-रायफलीच्या एका प्रहारासाठी साऱ्या जपानची वीज एकवटली जाते आणि देश काळोखात बुडतो. हेतू संरक्षणाचा, पण मोल इतरांच्या घरांनी मोजलेले. हा प्रसंग मला या कथाप्रकारातील सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण ऊर्जा निर्माण होत नसते, ती कोठून तरी काढून घेतली जाते, हे तो दृश्यरूपाने मान्य करतो. तथापि, अंधारलेल्या घरांत तो रेंगाळत नाही. त्यांची संमती कथेने गृहीत धरली आहे.

मराठी वाचकाला ही जागा अनोळखी नाही. कोयनेच्या जलाशयाखाली गेलेली गावे आणि 2005 नंतरच्या भारनियमनात मोटार चालू करण्यासाठी रात्री-अपरात्री उठणारा शेतकरी, यांच्याकडे कोणत्याच राक्षसापासून रक्षण करण्याचे आश्वासन देऊन वीज मागितली गेली नव्हती. अमृत रिते करणारा देव आपल्या परंपरेने कल्पिला. आपला दिवा कोणासाठी विझवला गेला, असे विचारणारे पात्र मात्र यंत्रमानवाच्या कथेतही अद्याप दुय्यमच आहे.