रिकामे ताट

दिवाळीच्या दिवसांत आमच्या आईचा एक कडक नियम असे. शेजारच्या घरून फराळाचे ताट आले की ते रिकामे परत जाता कामा नये. आपल्या घरचे अनरसे झाले नसतील तर दोन कडबोळी घालावीत. तीही नसली तर चिमूटभर साखर, आणि साखरेचा डबाच खडखडत असेल तर परसातले एखादे लिंबू. उसन्याच्या बाबतीत ती याहूनही काटेकोर होती. पिठाची वाटी सपाट आली असेल तर परत देताना तिला शीग लागलेच पाहिजे. "देणाऱ्याने मोजू नये, पण घेणाऱ्याने विसरू नये," असे ती म्हणे. मला त्या वयात यात धर्मापेक्षा हौसच अधिक दिसे. आता चाळिशी उलटल्यावर वाटते की माणसामाणसांतल्या व्यवहाराचे अर्धे नीतिशास्त्र त्या वाटीत होते.

हे आठवण्याचे कारण खडीचा एक ढीग आहे. आमच्या शाळेला पुढच्या बाजूस एक मैदान आहे. मैदान म्हणण्याइतके ते मोठे नाही, पण कबड्डीची दोन पटांगणे बसतात. काही वर्षांपूर्वी रस्त्याच्या कामासाठी खडी टाकायला जागा हवी, म्हणून एक गृहस्थ माझ्याकडे आले. मुख्याध्यापक रजेवर होते आणि कारभार माझ्याकडे होता. "तात्पुरतेच आहे, गुरुजी," ते म्हणाले. रस्ता गावाचा, अडचण खरी, आणि माणूस गोड बोलणारा. मी सही केली. ती खडी सहा वर्षे तेथे पडून होती. पाचवीत असलेली पोरे दहावी होऊन शाळा सोडून गेली, तरी त्यांना ते मैदान मिळाले नाही. मला त्या ढिगाकडे पाहताना राग येई आणि मग लाज वाटे. कारण जागा दुसऱ्याने अडवली हे खरे, पण जी वस्तू माझी नव्हती ती उसनी देऊन बसलो होतो तो मीच.

तेव्हापासून 'तात्पुरते' या शब्दाचा मला एक नादच लागला. वाचता वाचता मी इंग्लंडमधल्या जुन्या लष्करी विमानतळांपर्यंत येऊन पोचलो. या शब्दाचा एवढा मोठा पसारा दुसरीकडे क्वचितच सापडेल.

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि ब्रिटनला विमानतळांची निकड भासू लागली. १९४२ मध्ये तर सरासरी दर तीन दिवसांना एक नवा विमानतळ तयार होत होता असे सांगतात. युद्ध संपले तेव्हा त्या लहानशा देशात सुमारे ७०० विमानतळ होते. त्यांतले कितीतरी नॉरफोक, सफोक, लिंकनशायर या पूर्वेकडच्या सपाट, शेतीच्या मुलखात. कारण जर्मनी तेथून जवळ. जड बाँबर विमानांच्या एका तळाला सुमारे ५०० एकर जमीन लागे. तीन धावपट्ट्या एकमेकींना छेदून जात; मुख्य पट्टी ६,००० फूट लांब आणि १५० फूट रुंद. भोवती कडेचा रस्ता, पन्नासएक विमाने उभी करण्याच्या जागा आणि अडीच-तीन हजार माणसांच्या बराकी. ज्या खेड्यात चारशे माणसे राहत, त्याच्या वेशीवर एका हंगामात एवढे मोठे गाव उठे. कुंपणाच्या झुडपांच्या रांगा उपटल्या जात, ओढे बुजवले जात, पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या शेतांवर काँक्रीट ओतले जाई. काँक्रीटखाली भर घालायला जर्मन बाँबहल्ल्यांत कोसळलेल्या लंडनच्या घरांचा राडारोडा आगगाड्यांनी आणलेला असे. म्हणजे एकाचे घर पडले, ते दुसऱ्याच्या शेतावर जाऊन निजले.

जमीन देताना शेतकऱ्याला कुणी 'देता का?' असे विचारले नाही, आणि तशी वेळही नव्हती. शत्रू समुद्रापलीकडे उभा होता. घराला आग लागली असता शेजाऱ्याच्या विहिरीवरचा पोहरा विचारून घेण्याचा शिष्टाचार कुणी पाळत नाही, पाळूही नये. येथवर माझी काही तक्रार नाही. शिवाय त्या धावपट्ट्यांवरून जे उडत होते त्यांनीही थोडेथोडके दिले नाही. ब्रिटनच्या बाँबर दलाचे ५५,५७३ वैमानिक आणि सहकारी त्या युद्धात मेले. इंग्लंडातल्या तळांवरून लढणाऱ्या अमेरिकेच्या आठव्या हवाईदलाचे २६,००० हून अधिक. बहुतेक विशीतले. सकाळी निघालेली विमाने संध्याकाळी परतू लागली की खेड्यातली माणसे ती मोजत उभी राहत. अशा गावाला 'तुमची जमीन गेली' एवढेच सांगणे म्हणजे अर्धाच हिशेब सांगणे होय.

पण उसने नेलेली वस्तू कधी कधी देणाऱ्याच्याच अंगावर कोसळते. लँकेशायरमध्ये वॉर्टन येथे अमेरिकनांचा विमानदुरुस्तीचा मोठा तळ होता आणि शेजारी फ्रेकलटन नावाचे खेडे. २३ ऑगस्ट १९४४ रोजी सकाळी चाचणीसाठी उडालेले एक लिबरेटर विमान अचानक आलेल्या वादळात सापडून त्या खेड्यावर पडले, ते शाळेच्या बालवर्गावरच. एकंदर ६१ माणसे गेली. त्यांत ३८ शाळेतली मुले. युद्ध लांब कुठे जर्मनीत चालले होते आणि येथे पहिल्यांदाच पाटीला हात लावणारी पोरे जळून गेली. मी शिक्षक असल्यामुळे असेल, पण ही हकीकत वाचल्यावर दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना माझा आवाज नीट निघेना.

याची परतफेड काय करणार? होण्याजोगी नव्हतीच. पण वॉर्टनच्या अमेरिकन सैनिकांनी एक गोष्ट केली. त्यांनी पैसे जमवले, अंगमेहनत केली आणि त्या गावच्या मुलांसाठी खेळाचे मैदान तयार केले. १९४५ च्या ऑगस्टमध्ये ते खुले झाले. त्याने ३८ मुलांतले एकही परत आले नाही, हे ते सैनिकही जाणून असतील. पण ताट रिकामे परत करायचे नाही, एवढे त्यांना कळत होते. परतफेड अशक्य आहे म्हणून ऋणही संपले, असा सोयीचा तर्क त्यांनी केला नाही.

युद्ध संपल्यावर यांतले बरेच विमानतळ ओस पडले. पुष्कळ जमिनी पुन्हा शेतीकडे आल्या, पण आल्या त्या काँक्रीटसकट. काही ठिकाणी ते फोडून नव्या रस्त्यांच्या भरावात घातले. नॉरफोकमध्ये वेंडलिंगसारख्या तळांच्या धावपट्ट्यांवर पुढे टर्की कोंबड्यांची लांबच लांब खुराडी उभी राहिली. थॉर्प ॲबट्स येथील तळावरून अमेरिकेचा १०० वा बाँबर गट लढला. १९४३ च्या ऑक्टोबरात मुन्स्टरवर गेलेल्या त्याच्या तुकडीतले एकच विमान परतले होते. तेथला पडका नियंत्रण-मनोरा आसपासच्या लोकांनी स्वतः खपून दुरुस्त केला आणि १९८१ मध्ये त्याचे छोटे संग्रहालय केले. जमीन ज्यांची गेली त्या मुलखातल्याच माणसांनी परक्या पोरांची आठवण जपावी, हे मला फार मोठे वाटते. 'घेणाऱ्याने विसरू नये' हा नियम देणाऱ्यांनीच पाळला.

आता सरकारकडे वळू. डॉर्सेट परगण्यात क्रिचेल डाऊन येथील ७२५ एकर जमीन हवाई खात्याने बाँबफेकीच्या सरावासाठी घेतली होती. मालकांपैकी लॉर्ड अलिंग्टन १९४० मध्ये युद्धसेवेत असतानाच वारले. गरज संपताच अशा जमिनी मूळ मालकांना मिळतील, असे पंतप्रधान चर्चिल यांनी १९४१ मध्ये पार्लमेंटात सांगितले होते. युद्ध संपले, गरज संपली आणि जमीन गेली शेतकी खात्याकडे! अलिंग्टन यांची कन्या आणि जावई यांनी दाद मागितली. १९५४ मध्ये चौकशी झाली, खात्याच्या वर्तनावर कडक ताशेरे आले आणि शेतकीमंत्री सर टॉमस डग्डेल यांनी राजीनामा दिला. त्यांच्यावर लाचलुचपतीचा आरोप नव्हता. खात्याने शब्द मोडला होता, एवढेच. जमीन अखेर त्या कुटुंबाला मिळाली, तीही पैसे मोजून. सक्तीने घेतलेली जमीन नकोशी झाली तर ती प्रथम मूळ मालकाला देऊ करावी, असा दंडक त्यातून तेथे पडला. मात्र हेही ध्यानात घ्यावे की दाद मागणारे घराणे मोठे होते. पैसा, ओळखी आणि चिकाटी त्यांच्यापाशी होती.

ज्यांच्यापाशी हे नव्हते त्यांचे काय झाले? लंडनच्या पश्चिमेला हीथ्रो नावाची एक वाडी होती. भोवती भाजीपाल्याचे मळे आणि फळबागा. त्या भागातून लंडनच्या बाजारात भाजी घेऊन जाणाऱ्या गाड्या परतताना शहरातल्या तबेल्यांतले खत घेऊन येत. म्हणजे शहरही आपले ताट रिकामे परत पाठवीत नसे. त्या खतावर पोसलेली ती जमीन सोन्यासारखी होती. १९४४ मध्ये दूर पल्ल्याच्या लष्करी विमानांसाठी तळ हवा, असे सांगून युद्धकालीन अधिकारात ती ताब्यात घेण्यात आली. सार्वजनिक चौकशी झाली नाही. घरे पाडली, बागा तोडल्या. लष्करी तळ म्हणून ती जागा वापरली जाण्यापूर्वीच युद्ध संपले. १ जानेवारी १९४६ रोजी ती नागरी खात्याकडे गेली आणि त्याच दिवशी तेथून पहिले नागरी विमान दक्षिण अमेरिकेकडे निघाले. तेही लँकेस्टर बाँबरचे प्रवासी रूपांतर. पुढे १९७३ मध्ये, युद्धकाळी हवाई खात्याचे उपमंत्री असलेल्या हॅरल्ड बाल्फर यांनी आपल्या आत्मचरित्रात कबूलच करून टाकले की जागा मुळापासून नागरी विमानतळासाठीच हवी होती. लष्करी गरज हे निमित्त होते.

येथे कुणी म्हणेल, आणि त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही, की झाले ते बरेच झाले. कोट्यवधी माणसे आज त्या विमानतळाचा उपयोग करतात. एका वाडीच्या बटाट्यांसाठी राष्ट्राने अडून राहावे काय? मी स्वतःलाही हा प्रश्न विचारला, कारण आमच्या रस्त्याची खडीही शेवटी रस्त्यालाच लागली, आणि त्या रस्त्याने मी रोज शाळेत जातो.

माझे उत्तर असे की लोकहितासाठी जमीन घ्यावी लागते, कधी कायमची घ्यावी लागते. पण मग ती कायमची म्हणूनच मागावी. संकटाने आपल्याला एक मोठा अधिकार मिळतो, तो म्हणजे न विचारता घेण्याचा. ज्याला 'नाही' म्हणण्याची सोयच नव्हती त्याचा हिशेब सावकाराच्या हिशेबाहून चोख ठेवला पाहिजे. कारण सावकाराशी करार तरी झालेला असतो, येथे केवळ विश्वास असतो. बाल्फर यांनी विमानतळ केला म्हणून मी त्यांना दोष देत नाही. लोकांना विचारले तर ते हरकत घेतील या भीतीने त्यांनी संकटाचे सोंग पुढे केले, हा त्यांचा दोष. आणि त्याची किंमत त्या एका वाडीनेच मोजली असे नाही. ज्या राज्यात एकदा खोटे संकट सांगितले गेले, तेथे पुढच्या खऱ्या संकटात कुणी आपला पोहरा आपण होऊन पुढे करील काय?

हे सारे सातासमुद्रापलीकडचे म्हणून आपण सोडून देऊ नये. मुंबईचा सांताक्रूझ विमानतळ युद्धात ब्रिटिश हवाईदलाचा तळ होता. पुण्याजवळच्या लोहगावचा तळ १९३९ चा; तो आजही हवाईदलाचा आहे आणि पुण्याची प्रवासी विमानेही तेथूनच उडतात. ती जागा अपुरी पडते म्हणून पुरंदर तालुक्यातल्या सात गावांच्या जमिनीवर नवा विमानतळ करण्याचे ठरले, आणि तेथल्या शेतकऱ्यांचा विरोध आपण वर्तमानपत्रांत वाचला. आपल्या २०१३ च्या भूसंपादन कायद्यात चांगले कलम आहे: घेतलेली जमीन पाच वर्षे न वापरता पडून राहिली तर ती मूळ मालकाला वा त्याच्या वारसांना परत जावी, किंवा सरकारच्या भूमिपेढीत जमा व्हावी. मी मराठीचा शिक्षक. त्या 'किंवा'पाशी मी बराच वेळ थबकलो. उभयान्वयी अव्यय म्हणून मुलांना शिकवताना ते किती निरुपद्रवी वाटते!

आमच्या मैदानातली खडी अखेर उचलली गेली. खाली रुतलेले दगड वेचायला मुलांना आठवडा लागला, मीही वेचले. त्यानंतर मी एक पद्धत पाडली आहे. मैदानाविषयी कुणाचाही अर्ज आला की तो मी प्रार्थनेनंतर सगळ्या मुलांसमोर वाचून दाखवतो. गेल्या वर्षी मांडवाचे सामान 'तात्पुरते' ठेवण्यासाठी एकांचा अर्ज होता. अर्जदारही शेजारी उभे होते. मी वाचून संपवले तशी सहावीतल्या एका मुलीने हात वर केला आणि विचारले, "परत कधी देणार?"

गृहस्थ माझ्याकडे पाहू लागले. मी म्हटले, "तिला सांगा." त्यांनी थोडा विचार करून तारीख सांगितली, ती मी फळ्यावर लिहिली, आणि सगळ्यांनी हात वर केल्यावर सही केली. सामान त्या तारखेला गेले. दिवाळीत त्यांच्या घरून शाळेत लाडवांचा डबा आला. डबा रिकामा परत पाठवायचा नव्हता, म्हणून मुलांनी त्यात मैदानाच्या कडेच्या झाडाची चिंच भरून दिली.