अंगठा, गोधडी आणि बिबट्याची भीती

कांदालागवडीच्या दिवसांत नारायणगाव, आळे, मंचर या पट्ट्यातून सकाळी जाताना बांधावरच्या झाडाला बांधलेली झोळी दिसते. आई वाफ्यात वाकून रोपं लावत असते. झोळीतलं बाळ जागं होतं, थोडं कुरकुरतं, इकडेतिकडे बघतं आणि अंगठा तोंडात घालून पुन्हा डोळे मिटतं. पश्चिमेकडे भीमाशंकर-आहुप्याच्या डोंगरात भातलावणी किंवा हिरडा वेचायचे दिवस आले की तिथल्या घरांतही हेच घडतं. आई कामात आहे, यायला वेळ आहे, तेवढ्या वेळात बाळाने स्वतःची समजूत स्वतःच घातलेली असते. माणूस आयुष्यात कुणाच्या मदतीवाचून करतो अशा पहिल्या कामांपैकी हे एक काम. आणि आपण त्याला वाईट सवय म्हणून मोकळे होतो.

ही सवय बाळ आईच्या पोटातून घेऊन येतं. सोनोग्राफीत अंगठा चोखणारं बाळ अनेक आयांनी पाहिलं आहे. दूध ओढण्याची उपजत प्रेरणा पोट भरल्यावरही थांबत नाही; चोखताना बाळाचं अंग सैल पडतं, रडणं ओसरतं, झोप जवळ येते. पुढे प्रत्येक मूल आपापली तऱ्हा शोधतं. कुणी कानाची पाळी चोळतं, कुणी आईच्या केसांची बट बोटाला गुंडाळतं, कुणाला पदराचं टोक लागतं, तर कुणाला आजीच्या जुन्या लुगड्याच्या गोधडीचा तोच एक कोपरा. बहुतेक मुलं दोन ते चार वर्षांच्या दरम्यान अंगठा आपणहून सोडतात. हात खेळात गुंततात, तोंड बोलण्यात गुंततं, अंगणवाडीत सवंगडी भेटतात.

तेवढा धीर मात्र आपल्याला धरवत नाही. कुणी अंगठ्याला कडुलिंबाचा रस लावतं, कुणी कोरफड, कुणी तिखट. कुणी चिंधी बांधून ठेवतं. पाहुण्यांसमोर "एवढा मोठा झाला तरी बघा" म्हणून मुलाला लाजवलं जातं. कडू चवीपेक्षा हे लाजवणं मला जास्त जाचक वाटतं. जे मूल घाबरलं की अंगठ्याकडे वळतं, त्याला आपण आणखी घाबरवतो. मग ते दाराआड, पांघरुणात, कुणी पाहणार नाही अशा जागी चोखायला लागतं. सवय तशीच राहते, वर चोरटेपणा येतो.

डोनाल्ड विनिकॉट हे इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. 1951 साली त्यांनी मुलांच्या अशा लाडक्या कापडांविषयी, पांघरुणांविषयी एक निबंध वाचला, आणि बालमानसशास्त्रात तो अजून वाचला जातो. आई जवळ असणं आणि नसणं यांच्या मधली वाट मूल या वस्तूच्या आधाराने चालतं, असं त्यांचं म्हणणं. त्यात त्यांनी आयांचं एक शहाणपण टिपलं आहे: ते कापड मळलं, त्याला वास आला, तरी आई ते लगेच धुवायला टाकत नाही, कारण धुतलं की मुलाचा धागा मध्येच तुटतो. जुन्नर-आंबेगावातल्या कितीतरी आज्यांना हे कुठलाही निबंध न वाचता ठाऊक आहे. नातवाची गोधडी त्या तो झोपेत असतानाही ओढून घेत नाहीत.

मुलाला गप्प करण्याचे दुसरे मार्ग माणसाने शोधले, त्यांचा इतिहास वेदनेचा आहे. गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या आया तान्ह्या बाळांना अफूची बाळगोळी देत असत. त्यांना निर्दय म्हणायची माझी तयारी नाही. घरी बाळाकडे बघायला कुणी नाही, गिरणीत पाळणाघर नाही, रजा घेतली तर मजुरी बुडते. बाळ दिवसभर निजून राहावं एवढीच त्यांची गरज होती. मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या लाभाचा कायदा 1929 साली आला. बाळगोळी गेली. आज जेवताना, दुकानात, एसटीत रडणाऱ्या मुलाच्या हातात मोबाइल येतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलं की एक वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा दाखवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तास ही कमाल मर्यादा. मोबाइल काढून घेतला की मूल पुन्हा रडतं, कारण ते स्वतःहून शांत झालेलंच नसतं. अंगठ्याने शांत झालेलं मूल स्वतःच्या बळावर शांत झालेलं असतं. या दोहोंतलं एक निवडायचं झालं तर मी अंगठा निवडेन.

याचा अर्थ डोळे मिटून राहावं असा नाही. चार वर्षांनंतरही जोरात आणि सारखा अंगठा चोखला जात असेल तर वरचे पुढचे दात बाहेर येऊ शकतात, आणि सहाव्या वर्षाच्या आसपास कायमचे दात येऊ लागतात. त्याआधी मुलाशी बोलावं, त्याचे हात कामाला लावावेत, शेंगा सोलायला द्याव्यात, जमलं त्या दिवशी शाबासकी द्यावी. नखाजवळ जखम झाली असेल तर डॉक्टरांना दाखवावी. माती किंवा भिंतीचा पोपडा खाणं ही गोष्ट वेगळी. त्यामागे रक्तातली लोहाची कमतरता असू शकते, तिथे वाट बघत बसू नये. झोपताना डोकं हलवणं, उशीवर आपटणं बऱ्याच मुलांत दिसतं आणि वाढत्या वयात जातं. पण मूल हाक मारल्यावर वळत नसेल, वयाप्रमाणे बोलत नसेल, नजर देत नसेल, तर तपासणी लगेच करून घ्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून सुरू आहे, त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. हे प्रश्न तिथे विचारण्यासारखे आहेत.

सुटलेली सवय मध्येच परत आली तर मात्र घराकडे बघावं. धाकटं भावंड आलं का, आई कामासाठी गाव सोडून गेली का, घरात भांडणं वाढली का? आणि जुन्नर-आंबेगावात आणखी एक कारण उशाशीच आहे. कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी पाणी आलं, पाण्याने ऊस आला, उसात बिबट्याची पिल्लं जन्मू लागली. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडला बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचे जीव गेले, आणि लोकांनी मंचरजवळ पुणे-नाशिक रस्ता रोखून धरला. तिन्हीसांजेला दारं लागतात, मोठी माणसं दबक्या आवाजात त्याच गोष्टी बोलतात, आणि अंथरुणावरचं मूल सगळं ऐकत असतं. अशा रात्री पाच-सहा वर्षांच्या मुलाचा अंगठा पुन्हा तोंडात गेला, त्याने आईचा पदर मुठीत धरला, तर त्याला रागावू नये. त्याने घाबरायला खरं कारण आहे.

इतर गावांत बागुलबुवा कधी येत नाही, म्हणून त्याची भीती मुलं विसरतात. इथे "झोप, नाहीतर बिबट्या येईल", "अंगठा काढ, नाहीतर बिबट्या नेईल" असं म्हटलं, तर मुलाला ते खरं वाटतं, कारण ते खरं होऊ शकतं. म्हणून जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांतल्या आईवडिलांना, आजीआजोबांना एवढीच विनंती: मुलाला झोपवण्यासाठी किंवा सवय मोडण्यासाठी बिबट्याचं नाव घेऊ नका. त्याच्याविषयी जे सांगायचं ते दिवसाउजेडी, शांतपणे सांगा: उसाच्या कडेला एकटं जायचं नाही, अंधार पडल्यावर मोठ्या माणसाशिवाय आणि बॅटरीशिवाय बाहेर पडायचं नाही, चालताना मोठ्याने बोलत चालायचं. आणि रात्री मुलाजवळ जाऊन बसा.