विंचवाचं बिऱ्हाड

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपल्याकडे कुणी कौतुकानं वापरल्याचं मला आठवत नाही. ती भाडेकरूंबद्दल वापरतात, बदलीच्या नोकरीतल्या माणसांबद्दल वापरतात. आमच्या बँकेत ज्यांनी प्रमोशन घेतलं आणि मग दर तीन वर्षांनी गाव बदलत राहिले, त्यांच्या बायका तर ही म्हण उसासा टाकल्याशिवाय उच्चारतच नाहीत. (मी प्रमोशन घेतलं नाही. त्यामुळे आमच्या घरी तो उसासा वेगळ्या कारणासाठी राखून ठेवलेला आहे.) पण जगात असाही एक देश आहे, जिथं स्वतःचं पक्कं घर असलेली भली माणसं पदरचे पैसे खर्चून, हौसेनं विंचू होतात.

माझे आतेभाऊ नाना आणि आमच्या वहिनी अमेरिकेत, मिशिगन राज्यात राहतात. आत्या माझ्या वडिलांपेक्षा अठरा वर्षांनी मोठी, त्यामुळे माझे हे ‘भाऊ’ आज चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि वहिनी एकाहत्तरच्या. नाना इंजिनिअर होते, आता निवृत्त. त्यांच्याकडे बावीस फुटी ट्रेलर आहे. ट्रेलर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक तर उसाचा येतो, नाहीतर सिनेमाचा. हा तिसरा. मोटारीच्या मागं जोडून ओढत न्यायचं चाकांवरचं घर. आत पलंग, शेगडी, फ्रिज, मोरी, संडास आणि पोळपाट-लाटणं हिंदकळू नये म्हणून वहिनींनी मुद्दाम करून घेतलेला खण.

त्या देशाला हे वेड जुनं आहे. वॉली बायम नावाच्या गृहस्थानं १९३१ साली ‘एअरस्ट्रीम’ ही कंपनी काढली, आणि १९५९ साली हा माणूस एकेचाळीस ट्रेलरांचा तांडा घेऊन केप टाऊनहून कैरोला निघाला. १९६९ साली चंद्रावर जाऊन आलेले तिघे वीर चंद्रावरचे जंतू घेऊन आले असतील या भीतीनं एका बंद खोलीत ठेवले होते. ती खोलीही एअरस्ट्रीमच्या ट्रेलरात फेरफार करून बनवलेली होती. राष्ट्राध्यक्ष निक्सन त्यांच्याशी खिडकीबाहेरून बोलले. थोडक्यात काय, अमेरिकन माणूस चंद्रावर जरी गेला तरी मुक्कामाला ट्रेलरातच येतो.

आता घर सोडून जाण्याला प्रवास म्हणायचं, की घर घेऊन जाण्याला? आपल्या शास्त्रकारांनी गृहस्थाश्रमानंतर वानप्रस्थ सांगितला. त्यात बायकोला मुलांच्या हवाली करून एकट्यानं अरण्यात जावं किंवा तिला बरोबर घेऊन जावं, अशा दोन्ही सोयी मनूनं ठेवल्या आहेत. नानांनी दुसरी सोय पत्करली, आणि वहिनींनी बरोबर फ्रिज घेतला. बाकी अरण्य तेच. मिशिगनच्या उत्तर टोकाला ‘टक्वामेनन’ नावाचा धबधबा आहे. दलदलीतल्या झाडांचा अर्क उतरून त्याचं पाणी थेट चहाच्या रंगाचं होतं. जवळच सरकारी तळ आहे, तिथं नळ आणि विजेची जोडणी मिळते. चहाच्या धबधब्याशेजारी बसून चहा करणाऱ्या या जोडप्याला मी वानप्रस्थीच म्हणेन.

पण मला सांगायचंय ते प्रवासाबद्दल नाही. प्रवास उन्हाळ्यात. उरलेलं वर्ष हा ट्रेलर नानांच्या अंगणात नुसता उभा असतो, आणि खरा प्रश्न तिथं सुरू होतो.

मिशिगनमध्ये हिवाळा म्हणजे स्वेटर नव्हे. हिवाळा म्हणजे बर्फ. पाणी गोठलं की सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं, आणि ट्रेलरच्या नळ्यांत चुकून राहिलेलं पाणी गोठलं की नळ्या फुटतात. म्हणून थंडी पडण्याआधी टाकी रिकामी करायची, बंबातलं पाणी काढायचं आणि सगळ्या नळ्यांतून गोठू नये असं एक गुलाबी द्रावण फिरवायचं. एकेक नळ उघडत जायचा. गुलाबी धार आली की तो नळ झोपला असं समजायचं. मग बॅटरी काढून घरात आणायची आणि उंदरांच्या वाटा तारेच्या चोथ्यानं बुजवायच्या. आपल्याकडे सतत हिंडणाऱ्या संन्याशालाही पावसाळ्यात एका जागी राहण्याची आज्ञा आहे, त्याला आपण चातुर्मास म्हणतो. आपला कार्तिकीला संपतो, नानांच्या ट्रेलरचा त्याच सुमारास बसतो.

ट्रेलर झोपला की नाना आणि वहिनी जागे होतात. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला जातो, तो पुढं होळीपर्यंत उचलला जात नाही. जेवण नकाशाच्या कडेकडेनं होतं. गेल्या वर्षी तर लोणच्याच्या तेलाचा एक थेंब पडून तिथं नसलेलं एक तळं तयार झालं. वाद होतात ते पुलावरून. मिशिगन राज्याचे दोन तुकडे जोडणारा ‘मॅकिनॉ’ नावाचा १९५७ सालचा एक झुलता पूल आहे, लांबी आठ किलोमीटर. वारा सुटला की उंच गाड्यांवर तिथं बंधनं येतात. गाडी चालवायची भीती वाटणाऱ्यांसाठी तर पुलाचा माणूस येऊन तुमची गाडी पलीकडे नेऊन देतो. वहिनींना उत्तरेकडे जायचं असतं आणि नानांना तो पूल टाळायचा असतो. जुलैत सुटणाऱ्या वाऱ्यावरून ही दोघं जानेवारीत भांडतात. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण मी फोनवर ऐकवली. वहिनी म्हणाल्या, “भट मारत नाहीये हो, भट पूल चुकवतोय!”

तिथल्या सरकारी तळांची आगाऊ नोंदणी सहा महिने आधी उघडते. हव्या त्या जागेसाठी पहाटेचा गजर लावून, एकानं चहा आणि दुसऱ्यानं कॉम्प्युटर सांभाळत बसावं लागतं. हे ऐकून मला फार जवळिकीचं वाटलं. आम्हा बँकवाल्यांना चार वर्षांच्या ब्लॉकमध्ये ‘एलएफसी’ मिळते, आणि त्यातली साडेतीन वर्षं आम्ही कुठं जायचं हे ठरवत असतो. रेल्वेनं १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत एकशेवीस दिवसांवरून साठ दिवसांवर आणली, तेव्हा लोक सोयी-गैरसोयीचं बोलत होते. मला वाटलं, मध्यमवर्गाचा निम्मा प्रवास कापला. गाडीत बसायच्या आधीचे जे एकशेवीस दिवस आपण बसलेले असतो, त्यांचे साठच उरले.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. त्यामुळे मी एकदा हिशेब मांडला. नाना-वहिनी ट्रेलरात वर्षाला फार तर चाळीस रात्री झोपतात. उरलेल्या तीनशे पंचवीस रात्री ट्रेलर एकटा झोपतो. त्यावर विमा, घसारा, दुरुस्ती. त्या पैशात उत्तम हॉटेलं होतील. नानांचा शिकागोचा मुलगा नेमकं हेच म्हणतो. “बाबा, विकून टाका. हवं तिथं हॉटेल घ्या, मी बुक करून देतो.” त्याचं म्हणणं आकड्यांच्या दृष्टीनं चोख आहे. फक्त त्यानं जमेची बाजू चाळीस रात्रींची धरली आहे, आणि नकाशावरचे सहा महिने कुठल्याच बाजूला लिहिलेले नाहीत.

ते लिहावेत का, हाच तर तात्त्विक प्रश्न आहे. पुढच्या मोसमाच्या आखणीत गेलेला वेळ जगलेल्या वेळात धरायचा, की जगायचं राहून गेलेल्या वेळात? आपल्या सगळ्या शहाण्या माणसांनी एकमुखानं सांगितलं आहे की उद्याच्या आशेवर बसू नका, आज घ्या. मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण ही माणसं बहुधा मिशिगनमध्ये राहत नसावीत. बाहेर तीन फूट बर्फ पडलेला असताना ‘आज’ घेऊन करायचं काय? ‘आज’मध्ये फावडं आहे, गुडघा आहे आणि औषधाची डबी आहे. नकाशात मात्र जुलै आहे.

हा प्रश्न गेल्या वर्षीपर्यंत गंमतीचा होता. गेल्या ऑक्टोबरात नानांच्या हृदयात स्टेंट बसवला. डॉक्टर म्हणाले, उन्हाळ्यापर्यंत गाडी चालवायला हरकत नाही. पण त्याच सुमारास ट्रेलरच्या टायरांचा प्रश्न उभा राहिला. ट्रेलरचे टायर बहुधा झिजून जात नाहीत. उभ्या-उभ्या म्हातारे होतात. वरून नक्षी नवी कोरी दिसते आणि आतलं रबर वयानं गेलेलं असतं. (माझ्या ओळखीची अनेक माणसं अशी आहेत.) म्हणून पाच-सात वर्षांनी, झिजले नसले तरी ते बदलतात. वय लपवायची सोय नाही. टायरच्या अंगावर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालातल्या तेविसाव्या आठवड्यात जन्म. नानांचे टायर वयात आले होते, आणि चारही बदलायचे होते.

नानांनी मला फोन केला. “अरे, तू हिशेबाचा माणूस. नवे टायर सहा वर्षं जातील. माणसाचं काय? मी असे सहा वर्षांचे टायर घेऊन बसणं म्हणजे स्वतःला फसवणं नाही का?”

नाना हे हसत-हसत म्हणाले, पण हसणं जरा उशिरा आलं.

मी त्यांना आमच्या काउंटरवरचं सांगितलं. ऐंशी उलटलेली माणसं थरथरत्या हातानं पाच वर्षांच्या मुदत ठेवीचा फॉर्म भरतात. नवा लागलेला एखादा पोरगा माझ्या कानाशी कुजबुजतो, “यांना एक वर्षाची करायला सांगू का?” मी त्याला गप्प बसवतो. त्या गृहस्थांना कॅलेंडर वाचता येत नाही असं थोडंच आहे? पाच वर्षांवर टिचकी मारून तेच हात खालच्या रकान्यात वारसाचं नाव लिहितात, स्पेलिंग न चुकता. एकाच कागदावर वर आशा आणि खाली व्यवहार. दोन्ही सह्या त्यांच्याच. यात फसवणूक कुठं आली?

हिशेबशास्त्रात एक गृहीतक आहे, ‘गोइंग कन्सर्न’. धंदा पुढंही चालू राहणार आहे, असं धरूनच ताळेबंद मांडायचा. म्हणून यंत्राची किंमत त्याच्या उरलेल्या आयुष्याप्रमाणं लागते. उद्या दुकान बंद होणार असं धरलंत की सगळ्याचीच किंमत भंगाराच्या भावानं करावी लागते. यंत्र तेच, खुर्ची तीच. गृहीतक बदललं की ताळेबंद कोसळतो. कॉलेजात हे मी पाच मार्कांसाठी पाठ केलं होतं. संसारालाही ते लागू आहे, हे पुस्तकात नव्हतं. माणूस चौऱ्याहत्तराव्या वर्षी ‘आता कशाला’ म्हणाला की टायरच नव्हे, नकाशा, पोळपाट, पुलावरचं भांडण, सगळं एका रात्रीत भंगारात जातं. मुलगा ट्रेलर विकायला सांगतो तेव्हा त्याला वाटतं, एक वस्तू कमी होईल. खरं तर गृहीतक कमी होईल.

पण याच शास्त्राची दुसरीही एक अट आहे. कळलेलं नुकसान लपवायचं नाही. त्याची आधीच तरतूद करायची. बुडीत कर्जांमुळे आम्ही बँकवाले हा धडा पुरेपूर शिकलो आहोत. तरतुदीशिवाय आखणी केली तर मात्र नानांची शंका खरी, ती फसवणूकच. म्हणून मी विचारलं, “नाना, तुम्हाला वाटेत बरं वाटेनासं झालं, तर ट्रेलर मागं कोण घेणार?”

ट्रेलर उलटा घेणं हे जगातल्या अवघड कामांपैकी आहे. गाडी डावीकडे नेली की तो उजवीकडे जातो. शाळकरी मुलासारखा. युक्ती अशी की हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरायचा. मग हात जिकडे जाईल तिकडे ट्रेलर जातो.

नाना गप्प झाले. मागून वहिनींचा आवाज आला, “भाऊजी, नोव्हेंबरातच शिकले! बर्फ पडायच्या आत, मॉलच्या रिकाम्या आवारात. तीन रविवार लागले. दोन खांब वाचले, एक नाही वाचला.”

बँकेत नवरा-बायकोचं संयुक्त खातं उघडताना एक शिक्का मारतात, ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’. दोघांपैकी कुणीही, किंवा मागं राहील तो. वीस वर्षं मी तो शिक्का मारतो आहे. दिवसाला दहा-दहा वेळा, शाईकडे लक्ष ठेवून. त्या तीन शब्दांत इतका जुना आणि शहाणा संसार दडलेला आहे, हे माझ्या लक्षात आणून द्यायला मॉलचा एक खांब पडावा लागला.

पुढं जुलैची नोंदणी झाली, पुलापलीकडची. टायरही आले. दुकानदारानं गोदामातले जुने टायर बसवू नयेत म्हणून वहिनींनी चष्मा लावून, गुडघ्यावर बसून चारही टायरांवरचे आकडे वाचले, आणि एक परत पाठवला. तो वर्षभर आधी जन्मलेला होता. एक वर्ष फुकट का सोडा, असं त्यांचं म्हणणं. टायरवर जन्माचा आठवडा छापतात, शेवटचा छापत नाहीत. त्या एका कोऱ्या जागेवरच तर सगळ्या टायर कंपन्या चालल्या आहेत, आणि आपणही.