मार आणि मती

मुलाला मारणे ही ज्याच्या त्याच्या घरातली गोष्ट आहे, तीत शेजाऱ्याने पडू नये, असा आपल्याकडे एक अलिखित करार आहे. बांधाच्या भांडणात हौसेने पडणारे गाव पोराची किंकाळी ऐकली की मुकाट्याने कडी लावून घेते. आमचे शहागड याला अपवाद नाही. गोदावरीच्या काठचे, हमरस्त्यावरचे हे गाव. इथे चहाच्या दुकानात कोणत्याही विषयावर दहा मते मिळतात. या विषयावर मात्र एकच: “आम्ही काय कमी मार खाल्ला? काय बिघडलं आमचं?”

हा युक्तिवाद मला मोठा मौजेचा वाटतो. ज्याचे बिघडले तो साक्ष द्यायला या बाकावर येतच नाही; तो चौथीतच शाळेतून उठलेला असतो. आणि ‘बिघडले नाही’ म्हणणाऱ्याचा हात किती सहज उठतो, हे त्याला नव्हे, त्याच्या पोराला विचारायला हवे. केंद्र सरकारने २००७ साली तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत दर तीन मुलांमागे दोघांनी शारीरिक मार सोसला होता. म्हणजे हे काही कुणा राक्षसाच्या घरचे वर्तमान नव्हे; तुमच्या-आमच्याच घरचे आहे.

मार अंगावरून उतरतो, पण मनात त्याचे काय होते? भय वाटले की शरीर पळण्याच्या किंवा झुंजण्याच्या तयारीला लागते. छाती धडधडते, रक्तात कॉर्टिसॉल नावाचे द्रव्य वाढते. साप दिसला तर हे उपकारकच. साप गेला की सारे शांत होते. परंतु भयाचे कारण रोज संध्याकाळी चप्पल काढून घरातच येत असेल, तर ही तयारी उतरायची कधी? वाढत्या वयात असे वर्षानुवर्षे चालले, तर स्मरण, लक्ष आणि स्वतःला आवरण्याची शक्ती यांवर त्याचा परिणाम होतो, असे अभ्यासक सांगतात. अमेरिकेतल्या सेथ पोलॅक यांच्या प्रयोगात मार खाल्लेल्या मुलांना चेहऱ्यावरचा राग इतर मुलांपेक्षा लवकर, अगदी अपुऱ्या खुणांवरून ओळखता आला. वर्गात आपण ज्याला मठ्ठ म्हणतो, तो पुष्कळदा मठ्ठ नसतोच. त्याने दुसराच विषय घोकलेला असतो. बापाच्या पावलांच्या आवाजावरून आजची रात्र कशी जाणार हे ज्याला कळते, त्याची बुद्धी थोडी म्हणावी काय? ती पाढ्यांसाठी शिल्लक राहत नाही, एवढेच.

इथे कुणी ‘श्यामची आई’ पुढे करील. पोहायला न जाणाऱ्या श्यामला तिनेही मारलेच ना! खरे आहे. पण त्याच दिवशी तिने त्याला जवळ घेऊन त्यामागचे कारण सांगितले. श्याम घडला तो त्या जवळ घेण्याने. आपण मात्र त्यातला मार तेवढा सोयीने उचलला.

याहून अवघड प्रश्न दोषाचा आहे. आज मारणारा बाप काल मार खाणारा पोर होता; मग त्याला दोष कसा द्यावा? कॅथी विडम यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात छळ सोसलेल्या मुलांच्या नावावर पुढे गुन्हे अधिक आढळले, तरी त्यांतल्या बहुतेकांच्या नावावर हिंसक गुन्हा नव्हता. तेवढ्यावरून एक गोष्ट निश्चित होते: भूतकाळ माणसाला ढकलतो, पण त्याचा हात धरून तो उचलत नाही. म्हणून समजून घेणे वेगळे आणि माफ करणे वेगळे, असे मी मानतो.

पण हे म्हणताना माझी जीभ थोडी अडखळते. दिवाळीच्या सुमारास आमच्या जालना-बीडकडची कितीतरी कुटुंबे उचल फेडायला ऊसतोडीला निघतात. पहाटेच्या अंधारात फडावर जाणाऱ्या आईने रडणाऱ्या पोराच्या पाठीत धपाटा घातला, तर तिला आरोपी करून मुकादमाला आणि कारखान्याला मोकळे सोडायचे काय?

शाळेतल्या छडीला २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी घातली. घरातली छडीही स्वीडनने १९७९ सालीच बेकायदा ठरवली. आपल्याकडे १०९८ हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनी आहे. तो शेजाऱ्यालाही फिरवता येतो, त्यासाठी पैसे पडत नाहीत. आमच्या चहाच्या दुकानात अनेक नंबर भिंतीवर लिहिलेले आहेत, ट्रकवाल्यांचे, गॅरेजवाल्यांचे. हा अजून नाही.