शब्दाचा वारसा

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात, पित्याच्या धनात ज्यांना वाटा नाही अशांची एक यादी येते. जन्मांध, जन्मबधिर आणि मूक यांचा तीत समावेश आहे. लगेच पुढच्या श्लोकात मात्र अशांना आमरण अन्नवस्त्र देण्याचे कर्तव्य वारसदारांवर घातले आहे. ते न देणारा पतित ठरतो. बहिऱ्या अपत्याला पोसावे, परंतु कुळाचा वारस म्हणून गणू नये, अशी ही व्यवस्था होती. १९२८ च्या कायद्याने बहिरेपणाच्या कारणावरून वाटा नाकारण्याची ही रीत महाराष्ट्रासारख्या मिताक्षरा प्रदेशांतून रद्द केली. धनाचा प्रश्न सुटला. परंतु धनाहून मूलभूत असा एक वारसा आहे आणि तो कोणत्याही न्यायालयाला वाटून देता येत नाही. तो वारसा भाषेचा होय.

हा वारसा एरवी किती सहज मिळतो, हे बंगळूरच्या उत्तरेकडील येलहंक्यासारख्या बहुभाषिक वस्तीत विशेष जाणवते. केंपेगौडांच्या घराण्याचे हे जुने ठाणे. आज तेथे रेल्वेचा चाकांचा कारखाना आहे, वायुदलाचा तळ आहे आणि नोकरीनिमित्त आलेली परप्रांतीय कुटुंबे आहेत. अशा एखाद्या मराठी घरातले ऐकू येणारे मूल आजीकडून मराठी, शेजारातून कन्नड, मैदानावर हिंदी आणि शाळेत इंग्रजी उचलते. यातले फार थोडे त्याला कोणी मुद्दाम शिकवलेले असते. स्वयंपाकघरातली कुजबुज, जिन्यातले भांडण, फोनवरची विचारपूस हे त्याला उद्देशून नसतानाही त्याच्या कानी पडते आणि दुसऱ्यांसाठी उच्चारलेल्या शब्दांतूनच त्याची भाषा घडते. जन्मतः कर्णबधिर असलेल्या मुलाला नेमके हेच मिळत नाही. त्याच्यापर्यंत जे पोहोचायचे, ते कोणीतरी जाणीवपूर्वक पोहोचवावे लागते. इतरांना आपोआप मिळणारा वारसा त्याच्या बाबतीत दानपत्र करून द्यावा लागतो.

येथे आईवडिलांपुढे एक विलक्षण नैतिक पेच उभा राहतो. श्रवणदोषाचे निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचारांचा आरंभ सहाव्या महिन्यापर्यंत व्हावा, असे तज्ज्ञ सांगतात; कारण भाषा रुजण्याची वर्षे थोडी असतात आणि ती परत येत नाहीत. श्रवणयंत्र, शस्त्रक्रियेने बसवायचे कॉक्लिअर इम्प्लांट, वाचोपचार, सांकेतिक भाषा यांतून निवड करायची ती ज्याच्यासाठी, त्याची संमती घेणे शक्य नसते. ‘मोठे झाल्यावर त्यालाच ठरवू द्या’ हे उदार वाक्य येथे फसवे ठरते. निर्णय लांबवणे हाही एक निर्णयच असतो आणि त्याची किंमत मूल मोजते. त्यात घरी एकच भाषा धरा, असा सल्ला अनेकदा मिळतो. मग शाळेची इंग्रजी राहते आणि आजीची मराठी मुकाट्याने बाजूला होते. मूल बोलू लागते, पण आजीशी नव्हे.

मुलाला बोलते करावे ही ओढ स्वाभाविक आहे. तिचे तत्त्व झाले की काय होते, हे इतिहासाने दाखवले आहे. १८८० मध्ये मिलान येथे भरलेल्या बधिर-शिक्षकांच्या परिषदेने मौखिक पद्धती श्रेष्ठ ठरवून खुणांच्या भाषेला शाळांतून हद्दपार करण्याचा ठराव केला. पुढील कित्येक पिढ्यांना वर्गात हात बांधल्यागत बसावे लागले. २०१० मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेने तो ठराव नाकारून त्याच्या परिणामांबद्दल खेद व्यक्त केला. ध्वनीलाच भाषा समजणे ही मिलानची चूक होती. शब्दावाचून ज्ञान नाही असे मानणाऱ्या भर्तृहरीनेही ध्वनी आणि स्फोट यांत भेद केला होता. ध्वनी हा केवळ अभिव्यक्तीचा वाहक. त्याच्यापुढे अर्थातच उच्चारित वाणी होती. परंतु वाहक आणि वाहिलेले एक नव्हेत, हे मान्य केले की वाहक कंठच असावा हा आग्रह उरत नाही. १९६० मध्ये विल्यम स्टोकी यांनी अमेरिकी सांकेतिक भाषेची स्वतंत्र घडण दाखवली. भारतीय सांकेतिक भाषेच्या शासकीय कोशात २०१८ मध्ये तीन हजार शब्द होते. २०२१ पर्यंत ते दहा हजार झाले.

याचा अर्थ इम्प्लांट निवडणारी आई अपराधी ठरते, असा नाही. आपली हाक मुलाने ऐकावी ही इच्छा निषिद्ध मानणे, हेही मिलानचेच उलटे टोक होईल. मात्र यंत्र ध्वनी देते. भाषा माणसेच देतात. शिवाय यंत्राचा बाहेरचा भाग निजताना उतरवून ठेवावा लागतो. दिवा मालवण्यापूर्वीच्या त्या घटकेला मूल पुन्हा नि:शब्दात असते. त्याला भीती वाटली, पोटात दुखले, दिवसभरातले काही सांगायचे राहिले, तर त्या घराजवळ भाषा आहे काय? कोणत्याही पद्धतीची परीक्षा चाचणीकक्षात होते त्याहून अधिक या घटकेला होते. दहा-वीस खुणा, चेहऱ्यावरचे भाव, तळहातावरचा स्पर्श एवढे जरी आईबापांनी शिकून ठेवले असेल, तरी ते घर मुके नसते.

अमेरिकेतील पाहण्यांनुसार दहांतील नऊंहून अधिक कर्णबधिर मुलांचे आईवडील ऐकू येणारे असतात. अशा घरात वारशाची दिशाच बदलते. एरवी मातृभाषा आईकडून मुलाकडे जाते. येथे मुलासाठी आईलाच विद्यार्थिनी व्हावे लागते, आणि आईइतकेच बापाने, आजीने, भावंडानेही. मूल आपल्यासारखे व्हावे याकरिता होणारा खर्च आणि खटाटोप समाजाला दिसतो, त्याचे कौतुकही होते. आपण थोडे मुलासारखे होण्याचा कष्ट कोणाच्या नजरेस येत नाही, तरी पालकत्वाचे ऋण त्यानेच फिटते. जेवणाच्या ताटाभोवती सारे हसतात, मूल ‘काय झाले?’ असे नजरेने विचारते आणि ‘काही नाही, नंतर सांगते’ असे उत्तर मिळते, तेव्हा त्या प्रेमळ घराने मुलाला अन्न दिलेले असते, वस्त्र दिलेले असते. आणि वाटा मात्र नाकारलेला असतो.