तीन वर्षं काढा

"शुगरचं लिहू नका, साहेब. तीन वर्षं काढा, मग कोणी विचारत नाही." एजंटने हे इतक्या मायेने सांगितलं, की राग येण्याऐवजी त्याचे आभार मानावेसे वाटले. आणि तो खोटंही बोलत नव्हता. विमा कायद्याच्या कलम 45 मध्ये 2015 साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून पॉलिसीला तीन वर्षं झाली की कोणत्याही कारणावरून तिच्याविरुद्ध हरकत घेता येत नाही. माणूस गेल्यावर त्याच्या बायकोला जुन्या केसपेपरांवरून छळू नये, म्हणून ही तरतूद. एजंटने ती माझ्यापुढे पळवाट म्हणून ठेवली.

मी 44 वर्षांचा, नोकरी बडोद्यात. मधुमेह चार वर्षांचा. वडील 52व्या वर्षी हृदयविकाराने गेले. मुलगी दहावीत. मला विमा हवा तो याच कारणांसाठी, आणि महाग मिळतो तोही याच कारणांमुळे.

हा अन्याय आहे का? मधुमेह मी मागून घेतला नाही. (श्रीखंडाचा हात त्यात थोडा असेल, पण ते सोडा.) वडिलांचं हृदय तर माझ्या कर्तृत्वात मुळीच बसत नाही. पण फॉर्म सिगारेट आणि वारसा एकाच मापाने मोजतो. त्याला दोष कोणाचा हे ठरवायचं नसतं, फक्त शक्यता मोजायची असते.

तरीही लपवणं मला पटेना. भिशीत पहिली उचल कोणाला, हे एकालाच आधी ठाऊक असेल आणि तो गप्प बसला, तर तो कोणाला फसवतो? भिशी चालवणाऱ्याला नव्हे. माझं गप्प बसणं शेवटी त्या अनोळखी मधुमेही माणसाच्या हप्त्यात जाऊन पडणार, ज्याने फॉर्म खरा भरला.

पण म्हणून आकड्यापुढे मान तुकवावी असंही नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपीय विमा कंपन्या भारतीयांकडून जादा हप्ता घेत; भारतीय देह हाच कमअस्सल जीव समजला जाई. 1870 साली मुंबईत निघालेल्या बॉम्बे म्युच्युअल सोसायटीने भारतीयांना सर्वसाधारण दराने विमा दिला. आधीच्या कंपन्यांचा आकडा निव्वळ द्वेषाचा होता असं मला वाटत नाही. दुष्काळ, पटकी, उपासमार यांनी माणसं खरोखरच लवकर मरत होती. आकडा बरोबर असेलही. पण ज्यांना मरण आधीच स्वस्त झालं होतं त्यांनाच विमा महाग करणं, हे त्या बरोबर आकड्याने न्याय्य ठरत नव्हतं. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने आयुर्विमा महामंडळाला हेच वेगळ्या शब्दांत बजावलं : एक स्वस्त मुदतविमा फक्त सरकारी, निमसरकारी आणि नामांकित कंपन्यांच्या पगारदारांपुरता ठेवणं घटनेला धरून नाही.

मला यातली खरी गंमत वेगळीच वाटते. एडमंड हॅलेने 1693 मध्ये ब्रेस्लाउ शहराच्या जन्ममृत्यूंवरून कोष्टक मांडलं. हजारांतले किती जातील, ते असं कोष्टक सांगतं. कोण जाईल, ते सांगत नाही. विमा उभा आहे तो या अज्ञानावर. आपण कोणालाच ठाऊक नाही, म्हणून आपण एकमेकांचे. जनुकांच्या चाचण्या ही फट बुजवत निघाल्या आहेत. ती पूर्ण बुजली, तर ज्याला गरज नाही त्यालाच विमा मिळेल, आणि त्याला तरी तो कशाला हवा?

मी शुगर लिहिली, गोळ्यांची नावंही लिहिली. एजंटने मान हलवली. वैद्यकीय तपासणी झाली, जादा हप्ता लागला, आणि मागितली होती त्यापेक्षा कमी रक्कम मंजूर झाली. बायको म्हणाली, "बरं झालं, निदान झोप तरी लागेल तुम्हाला." झोप काही त्या रात्री लागली नाही.

मुलगी कागद चाळत होती. आई-वडिलांचं वय, तब्येत, हयात नसल्यास मृत्यूचं कारण, अशा रकान्यावर तिचं बोट थांबलं.

"बाबा, माझ्या फॉर्ममध्ये इथे तुमचं लिहायचं?"

"हो."

"खरं?"